माळावर झाडं का लावत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून...

दर उन्हाळ्यात पुण्याहून कोणी ना कोणी येतं, गाडीतून उतरतं, आमच्या विहिरीच्या वरचा माळ बघतं आणि विचारतं, "अहो, अकरा एकर नुसती पडून आहे, निदान झाडं तरी लावा की, क्लायमेट चेंजचं एवढं चाललंय." चांगल्या मनानं विचारलेलं असतं, मला राग येत नाही. पण उत्तर चहा संपेपर्यंत सांगून होत नाही, म्हणून आता सगळं नीट लिहून काढतोय.

आमचा इंदापूर तालुक्याचा हा भाग अवर्षणाचा. वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर वीतभर माती, खाली मुरूम. अशा जागी पिढ्यानपिढ्या टिकलंय ते गवतच, मारवेल, शेडा, पवन्या, कुसळी. मधेच एखादं हिवर, एखादी बोर, ओढ्याच्या कडेला बाभळी. ती झाडं मी राखलीच आहेत, कुऱ्हाड लावू देत नाही. पण मे महिन्यात तुम्हाला जे पिवळं, उजाड दिसतं ना, ते जिवंत आहे हो, दोन चांगले पाऊस होऊ द्या मग बघा.

मागच्या वर्षी कुंपणाच्या खांबासाठी खड्डा घेतला तेव्हा मारवेलचा एक ठोंब मुद्दाम सबंध उकरून बघितला. वर गवत गुडघ्याएवढं आणि खाली मुळं केसासारखी बारीक, मुरमाच्या फटीफटीतून हातभर गेलेली, माती त्यांना इतकी घट्ट धरून होती की दोनदा आपटला तरी सुटेना, आणि तिचा रंग शेजारच्या नांगरटीपेक्षा चांगलाच काळपट. तो काळपटपणा म्हणजे कुजून मुरलेली मुळं, त्यातच कार्बन, म्हणजे हवा तापवणाऱ्या वायूतून गवतानं ओढून घेतलेला. झाड बराचसा कार्बन खोडाफांद्यांत ठेवतं, गवत बहुतेक जमिनीखाली ठेवतं. वणवा लागला तर वरचं जळतं, खालचं राहतं, आणि पाऊस पडला की त्याच ठोंबाला फुटवे येतात.

जगभरच्या मातीत जेवढा कार्बन आहे तेवढा हवेतला आणि सगळ्या झाडाझुडपांतला मिळूनसुद्धा होत नाही. आणि तो बाहेर काढायला जेसीबी पुरतो. माती उलथली, हवा लागली की जिवाणू कामाला लागतात आणि वर्षानुवर्षं मुरलेल्यातलं बरंच थोड्याच वर्षांत वायू होऊन जातं. म्हणजे हवामानाच्या नावाखाली माळभर खड्डे घ्यायचे, साठलेलं उडवायचं आणि त्यात रोप लावून परत साठायची वाट बघायची, तेही रोप जगलं तर!

आमच्या पलीकडच्या माळावर काही वर्षांपूर्वी अशी लागवड झाली, कोणी केली ते सोडा, हेतू वाईट नव्हता. ओळीनं खड्डे, त्यात गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया, बाहेरदेशातून आलेलं झाड) आणि काही बाही रोपं, मार्चपर्यंत टँकरनं पाणी, मग टँकर बंद. बरीचशी रोपं वाळली, जी गिरीपुष्पं जगली त्यांच्या सावलीत गवत येईना. वळवाचा पहिला पाऊस झाला की आमच्या अंगाला ओढ्यात येणारं पाणी जवळजवळ निवळ असतं आणि तिकडून येतं ते चहासारखं गढूळ. ती वाहून चाललेली माती बघून खरंच पोटात तुटतं, कारण वीतभर माती व्हायला किती पिढ्या जातात.

आता नुसतं सोडून दिलं की झालं असंही नाही. आषाढापासून दसऱ्यापर्यंत आम्ही चराई बंद ठेवतो, गवताला बी धरू देतो, ते खाली पडलं की मग ओळखीचे धनगर मेंढरं घेऊन येतात, आठवडाभर बसवतात आणि दिवाळीनंतर कोकणाच्या वाटेला लागतात. लेंडीखत माळाला मिळतं, मेंढरांना चारा. चराईबंदीनं काय होतं हे नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं दाखवलंच आहे की, तिथे कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदीही पाळली आणि चारा वाढला. नोव्हेंबरात भोवत्या येतात, पार मध्य आशियातून येणारे शिकारी पक्षी, दिवसा नाकतोडे टिपतात आणि रात्री गवतातच जमिनीवर झोपतात. त्यांनी झाडांच्या गर्दीत कुठे उतरायचं?

सह्याद्रीत, भीमाशंकरकडे जिथे मुळात जंगल आहे तिथे झाड न् झाड वाचवलंच पाहिजे, त्यावर माझं दुमत नाही. पण अशा माळरानांना सरकारी नकाशात वेस्टलँड म्हणायचं आणि मग ती पडीक म्हणून प्लॉटिंगला, लागवडीला, वाट्टेल त्याला द्यायची, हे मला सहन होत नाही. अकरा एकरानं जगाचं तापमान उतरणार नाही हे मला कळतं, पण आमच्या हातात एवढीच आहे आणि ती आहे तशी ठेवणं आम्हाला जमतंय.

पुढच्या वेळी मे महिन्यात नका येऊ, सप्टेंबरात या. पहाटे या, गवतावर दव असतं आणि चंडोल वर चढत चढत गात असतात. फक्त जाड बूट घालून या, कुसळी फुलायला लागलेली असते, एकदा मोज्यात घुसली की घरी जाईपर्यंत टोचत राहते.