तुम्ही विचारलंत म्हणून: 'डॉक्टर हू' अजून का बघतो

हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसे विचारतात. ज्यांनी 'डॉक्टर हू' कधी पाहिलेली नाही, ती विचारतात की पन्नाशी उलटलेल्या माणसाने निळ्या पोलीस पेटीतून काळाच्या मागेपुढे फिरणाऱ्या 'डॉक्टर' नावाच्या परग्रहवाशाची मालिका बघण्यात काय हशील आहे. ज्यांनी ती पाहिलेली आहे आणि गेली काही वर्षे माझी कुरकुरही ऐकलेली आहे, त्यांचा प्रश्न वेगळा असतो: तुम्हाला ती आता आवडत नाही असे तुम्हीच म्हणता, मग दर नव्या भागाला सर्वांत आधी हजर कसे असता? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी इतक्या वेळा दिले आहे की ते मलाच पाठ झाले आहे. दुसऱ्याचे उत्तर मी आजवर टाळत आलो, आणि टाळण्यासाठी पहिल्याचे उत्तर पुढे करत आलो.

तेव्हा पहिले उत्तर थोडक्यात उरकतो. पुठ्ठ्याच्या भिंती, रबरी राक्षस, मोरी तुंबल्यावर वापरायचा रबरी दट्ट्या हाताच्या जागी लावलेले डालेक नावाचे शत्रू, या सगळ्यावर तुम्ही हसता आणि मीही हसतो. मात्र २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी, बीबीसीवर या मालिकेचा पहिला भाग लागला तेव्हा तिची निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट २७ वर्षांची होती आणि दिग्दर्शक वारिस हुसेन, ज्यांचा जन्म लखनौचा, २४ वर्षांचे होते. पैसा नव्हता, म्हणून डोके चालवावे लागले. ती निळी पेटी, म्हणजे डॉक्टरचे काळयान, निघताना जो घरघरता, धापा टाकल्यासारखा आवाज येतो, तो ब्रायन हॉजसन यांनी आपल्या आईच्या घराची किल्ली मोडक्या पियानोच्या जाड तारांवर घासून काढलेला आहे. गोष्टीतले यंत्र विश्वाच्या टोकापर्यंत जाते आणि त्याचा आवाज दाराच्या किल्लीचा असतो, हे कळल्यानंतर भिंती पुठ्ठ्याच्या आहेत की लोखंडाच्या, याची मला फिकीर उरली नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण पुढच्या कबुलीशी तिचा संबंध आहे. त्या काळी चित्रफीत महाग होती, ती पुसून पुन्हा वापरली जाई, आणि कृष्णधवल भाग पुन्हा कोणी विकत घेईल असे कोणाला वाटत नव्हते; त्यामुळे पहिल्या सहा वर्षांच्या २५३ भागांपैकी नव्वदहून अधिक भागांची चित्रे आज बीबीसीकडेही नाहीत. आवाज मात्र प्रत्येक भागाचा शिल्लक आहे. तो कोणत्या संस्थेने जपलेला नाही. घरोघरच्या चाहत्यांनी, त्यांतल्या बऱ्याच जणांनी शाळकरी वयात, टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून आणि घरच्यांना गप्प बसवून तो टिपून ठेवला. आमच्या जमातीचा मला जो काही अभिमान आहे तो या मुलांमुळे आहे. पण जी माणसे एवढ्या मायेने जुने जपतात, तीच नवे आले की दारात आडवी पडतात, हेही मला फार उशिरा दिसले. पहिला डॉक्टर रंगवणारे विल्यम हार्टनेल यांना तब्येत साथ देईना म्हणून १९६६ साली डॉक्टरचे शरीरच बदलून टाकण्याची युक्ती काढली गेली आणि त्यांच्या जागी पॅट्रिक ट्रॉटन आले, तेव्हाही नवा माणूस विदूषक वाटतो अशा तक्रारी प्रेक्षकांनी केल्याच होत्या. त्या युक्तीमुळेच मालिका आज जिवंत आहे. त्या तक्रारी मी मित्रांना हसत हसत वाचून दाखवीत असे.

आता दुसरे उत्तर. माझ्या मुलीने ही मालिका माझ्याबरोबर सहाव्या वर्षापासून पाहिली. डॉक्टर मरणाच्या दारात पोचला की मरत नाही, त्याची कायापालट होते, हे तिला समजावताना मी साप कात टाकतो त्याचा दाखला दिला होता. तिला तो पटला नाही. "साप तोच दिसतो, हा तर वेगळाच माणूस होतो," असे ती म्हणाली. मग मी तिला सांगितले की आठवणी त्याच राहतात, चांगुलपणा तोच राहतो, बाकी उंची, आवाज, वय, स्वभावाचा तिरकसपणा, काहीही बदलू शकते. डॉक्टर कोणीही होऊ शकतो. हे मी तिला नुसते सांगितले नाही, रंगवून सांगितले, पुन्हा पुन्हा सांगितले. एका जुन्या कपाटाची किल्ली, जिचे कुलूप केव्हाच बदललेले होते, तिने काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली होती. ती काळयानाची किल्ली होती. दोन वर्षे ती अंघोळीलासुद्धा निघत नसे.

१६ जुलै २०१७ हा रविवार होता. विम्बल्डनची पुरुषांची अंतिम लढत संपल्यानंतर तेरावा डॉक्टर कोण, हे बीबीसी जाहीर करणार होती. त्या दिवशी फेडररने आठव्यांदा विजेतेपद मिळवले, आणि आम्ही दोघे हा माणूस आवरते कधी घेतो याची वाट बघत होतो. ती अकरा वर्षांची होती. अखेर ती चिमुकली चित्रफीत संगणकावर लागली. रानातून एक आकृती चालत येते, अंगात लांब कोट, डोक्यावर टोपडे, चेहरा दिसत नाही. हात पुढे येतो आणि तळव्यावर किल्ली दिसते. त्या क्षणी माझ्या मुलीने गळ्यातली किल्ली मुठीत घट्ट धरली; मी पडद्याकडे बघत असूनही ते मला दिसले. मग टोपडे मागे सरले आणि समोर अभिनेत्री जोडी व्हिटेकर होती.

मुलगी उडालीच. तिने श्वास आत ओढल्याचा आवाज मला ऐकू आला आणि ती माझ्याकडे वळली. त्याच वेळी मी म्हणालो, "संपलं. आता यात बघण्यासारखं काही उरलं नाही."

"का?" तिने विचारले.

"डॉक्टर बाई कशी असेल?"

"तूच म्हणाला होतास ना बाबा, डॉक्टर कोणीही होऊ शकतो?"

"कोणीही म्हणजे असं कोणीही नाही."

हे वाक्य मी लिहिताना गुळगुळीत केलेले नाही; ते असेच होते. त्यावर ती काही बोलली नाही. मीही थांबलो नाही, कारण मला लगेच मित्रांशी बोलायचे होते. ते मी मध्यरात्र उलटेपर्यंत करत राहिलो: मालिकेचा आत्मा, परंपरा, लोकानुनय, असे सगळे जड शब्द वापरून. ती कधी उठून गेली हे मला कळले नाही. दोन-तीन दिवसांनी किल्ली माझ्या संगणकाशेजारी ठेवलेली दिसली, दोऱ्यासकट. ती विसरली असेल असे समजून मी ती खणात टाकली. मला त्यात काही वावगे वाटले नाही, आणि आज मला सर्वांत जास्त बोचते ते हेच.

पुढच्या वर्षी, ७ ऑक्टोबर २०१८ रोजी, नव्या डॉक्टरचा पहिला भाग आला तेव्हा मी नेहमीसारखी हाक मारली. आतून उत्तर आले, "तू बघ. तुला तर बघायचीच नव्हती ना?" त्यात राग नव्हता. राग असता तर भांडता आले असते.

आता तुम्ही म्हणाल की एका वाक्याचे एवढे काय. बापाच्या तोंडून वेडेवाकडे निघते, अकरा-बारा वर्षांची मुले असल्या छंदांतून बाहेर पडतच असतात, आणि तिच्या वर्गातल्या कोणी ही मालिका बघत नव्हते हेही खरेच आहे. हा युक्तिवाद मी स्वतःशी पुष्कळदा केलेला आहे. त्याला आणखी एक जोड आहे, जी मला आजही योग्य वाटते: त्या वर्षांतले लेखन मला खरोखरच उणे वाटते. तीन-तीन सोबती एकदम दिल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला दोन दोन वाक्ये आली, डॉक्टर घटना घडवण्यापेक्षा समजावून सांगण्यात जास्त वेळ घालवू लागली, आणि २०२० साली डॉक्टरच्या जन्माचीच गोष्ट बदलली तेव्हा भटक्या, बंडखोर, सामान्य कालाधिपतीचे (डॉक्टरच्या जमातीचे हे नाव) रूपांतर कोणा अद्वितीय आद्यपुरुषात झाले, जे मला मुळीच रुचले नाही. यांतले एकही मत डॉक्टर बाई असण्याशी बांधलेले नाही.

पण जुलै २०१७ मध्ये यांतले एकही मत अस्तित्वात नव्हते. एकही भाग चित्रित होऊन समोर आलेला नव्हता. माझ्यासमोर एक बाई होती आणि तिच्या हातातली किल्ली होती, आणि मी निकाल देऊन मोकळा झालो होतो. तेव्हाच्या मला जर 'परंपरा' या शब्दाचा जाब विचारला असता, तर त्याच्यापाशी उत्तर नव्हते, कारण परंपरा त्याला ठाऊक होती. चौथा डॉक्टर रंगवणारे टॉम बेकर यांनी १९८० साली मालिका सोडण्याचे जाहीर करताना आपला वारस 'तो किंवा ती' जो कोणी असेल त्याला शुभेच्छा दिल्या होत्या. ज्यांच्या डोक्यातून ही मालिका निघाली त्या सिडनी न्यूमन यांनी १९८६ साली बीबीसीला पत्र लिहून डॉक्टरला स्त्री करावे असे सुचवले होते. २०१४ साली डॉक्टरचा जन्माचा वैरी मास्टर बाईच्या रूपात आला तेव्हा मिशेल गोमेझ यांच्या अभिनयावर मी लट्टू झालो होतो. २०१५ साली गोरा, टकला सेनापती गोळी लागून कृष्णवर्णीय स्त्री म्हणून उठून बसतो, तो प्रसंग मी मुलीला दोनदा मागे नेऊन दाखवला होता. म्हणजे खलनायक बाई चालत होता, सेनापती बाई चालत होता. अडले होते ते फक्त ज्याच्या जागी मी स्वतःला बघत होतो त्याच्यापाशी. हे मी कबूल करतो. पूर्वग्रह हा शब्द कोणी माझ्यासाठी वापरला की मात्र अजूनही मी उसळतो, आणि तेही इथे नोंदवून ठेवतो.

११ नोव्हेंबर २०१८ रोजी विनय पटेल यांनी लिहिलेला 'डीमन्स ऑफ द पंजाब' हा भाग लागला. ऑगस्ट १९४७, सीमारेषा जाहीर होण्याचे दिवस, आणि त्याच दिवसांत हिंदू प्रेम आणि मुस्लिम उमब्रीन यांचे लग्न. आदल्या रात्री बायका मेंदी काढायला बसतात आणि डॉक्टरही त्यांच्यात बसते. पुरुष असताना हे सुख कधी वाट्याला आले नाही, अशा अर्थाचे काहीतरी ती अगदी हरखून म्हणते. तो प्रसंग जेमतेम काही क्षणांचा आहे, पण आधीचा कोणताही डॉक्टर त्या खोलीत बसूच शकला नसता, कारण त्याला तिथे कोणी येऊच दिले नसते. त्या भागातले परग्रहवासी आधी मारेकरी वाटतात, आणि मग कळते की जी माणसे एकटी, कोणाच्या लक्षात न येता मरतात, त्यांच्या शेवटच्या क्षणी ते नुसते साक्षीला उभे राहतात. प्रेमला मारायला येतात ते परग्रहावरचे कोणी नसतात. त्यांच्यात त्याचा धाकटा भाऊ असतो. डॉक्टर काही करू शकत नाही. पाठ फिरवून चालत राहते, आणि गोळीचा आवाज येतो.

मी तो भाग एकट्याने पाहिला. संपल्यावर उठून तिच्या खोलीपर्यंत गेलो आणि दारातूनच सांगितले की हा एकदा बघ, चांगला आहे. तिने वहीतून मान वर केली आणि विचारले, "चांगला आहे म्हणजे? बाई असूनही?" मी म्हणालो की तसे नाही. ती म्हणाली, "बरं." भाग तिने पाहिला नाही.

तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. त्यानंतरच्या एकाही भागाबद्दलचे माझे मत मला निर्मळपणे मांडता येत नाही. वाईट म्हटले की ते २०१७ चे वाक्य वाटते, आणि चांगले म्हटले की त्या वाक्याची भरपाई वाटते. तिला तर वाटतेच, पण आता मलाही वाटते. बघणे सोडले तर तेव्हा म्हणालो होतो ते खरे केल्यासारखे होईल. म्हणून मी बघतो. हे कारण हास्यास्पद आहे हे मला दिसते. शिवाय ते पूर्ण कारणही नाही, कारण घरघरता आवाज सुरू झाला की मी अजूनही खुर्चीत पुढे सरकून बसतो, आणि त्यात प्रायश्चित्ताचा काहीही संबंध नसतो.

ती आता मोठी झाली आहे. मागे एकदा शूटी गाट्वा यांचा एक भाग चालू असताना ती चार्जर शोधत बाहेरच्या खोलीत आली, चार्जर उचलला आणि पडद्याकडे बघून विचारले, "हा कितवा?"

"पंधरावा."

"तेरावी धरून?"

"धरून."

एरवी या प्रश्नावर माझे प्रवचन सुरू झाले असते, कारण जॉन हर्ट यांचा युद्धातला डॉक्टर मोजायचा की नाही, जो मार्टिन यांची डॉक्टर कुठे बसवायची, डेव्हिड टेनंट दोनदा आले ते दोन आकडे कसे, असा हिशोबाचा मोठा घोळ आहे. त्या दिवशी मी तो काढला नाही. शेजारची उशी बाजूला करून जागा केली. ती बसली नाही. पण चार्जरची वायर बोटाभोवती गुंडाळत भागाची नामावली संपेपर्यंत तिथेच उभी राहिली, आणि मग आत गेली. पुढचा भाग तिने पाहिला का, हे मी अजून विचारलेले नाही.