रात्रीत घर बदललेलं जनुक

२०१८ च्या पावसाळ्यात एका ब्रॉयलर शेडमधले काका मेलेले पाच पक्षी घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आले. शवविच्छेदनात यकृतावर आणि हृदयाच्या आवरणावर साय धरल्यासारखा पांढरा थर दिसला. ई. कोलाय या जंतूचंच काम. "मॅडम, पाण्यातून कोलिस्टिन चालूच आहे, तरी मर थांबेना," काका म्हणाले.

कोलिस्टिन हे जंतू मारणारं औषध, म्हणजे प्रतिजैविक. त्याचा रेणू मोठा असतो, जंतू वाढवायच्या आगार जेलीत नीट पसरत नाही. म्हणून औषध लावलेल्या कागदी चकतीवर (डिस्कवर) विसंबून न राहता मी औषधाच्या वाढत्या मात्रांचा द्रव लावला. मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅमने वाढ थांबायला हवी होती. ८ च्या खळग्यातही द्रव गढूळ, म्हणजे जंतू वाढतच होता! जनुक शोधणारी पीसीआर चाचणी केली, तर ३०९ बेस-जोड्या लांबीच्या डीएनएपाशी ठळक पट्टी: एमसीआर-१. चीनमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये जगापुढे आणलेलं जनुक. ते जंतूच्या बाहेरच्या आवरणावर एक रासायनिक गट चिकटवतं, तिथला ऋण प्रभार घटतो आणि धन प्रभाराच्या कोलिस्टिनला धरायला जागाच उरत नाही.

मी हादरले ते मात्र दोन दिवसांनी. या जंतूला मी जे-५३ या प्रयोगशाळेतल्या ई. कोलायसोबत रात्रभर एकत्र ठेवलं होतं. जे-५३ अझाइड या विषात तगतो, कोलिस्टिनने मरतो. कोंबडीच्या जंतूचं नेमकं उलट. नंतर दोन्ही विषं घातलेल्या प्लेटवर एकेकटे पेरलेले दोघेही उगवले नव्हते. मिश्रणाच्या प्लेटवर मात्र टपोऱ्या वसाहती होत्या. जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतूंमध्ये देवाणघेवाण होणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यावर बसून एका रात्रीत दुसऱ्या जंतूत गेलं होतं. अतिदक्षता विभागात बाकीची औषधं हरली की डॉक्टर ज्याच्याकडे वळतात, ते हे औषध. आणि आपण ते पक्ष्यांचं वजन वाढावं म्हणून खाद्यात घालत होतो! केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये या वापरावर बंदी घातली, तेव्हा मला ही प्लेट आठवली.

काकांना फोन करून सांगितलं, कोलिस्टिन आजच बंद करा, पाण्याच्या टाक्या आणि पक्षी पाणी पितात ती निपल लाइन धुवा, शेडमध्ये अंथरलेला तूस कोरडा ठेवा.

"शिजवल्यावर तर मरतो ना हा जंतू?"

"मरतो. पण शेडमधला तूस उपसणाऱ्याच्या हाताला तो जिवंतच लागतो, काका."

बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग हळूच म्हणाले, "तूस आमची सून काढते. सातवा महिना आहे तिला."