काट्यापाशी थांबलेली रांग

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत पेढीसाठी हळदीच्या सौद्यांची नोंद ठेवणारी प्रणाली लिहिली, ते नोडवरचे माझे पहिले काम. तोवर मी पीएचपी या वेब सर्व्हरवरच्या भाषेत लिहीत होतो. रायन डाल यांनी २००९ मध्ये क्रोम ब्राउझरमधले जावास्क्रिप्ट चालवणारे व्ही-एट इंजिन वापरून नोड तयार केला आणि जावास्क्रिप्ट सर्व्हरवर आणली, एवढेच मला ठाऊक होते. त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी जेमतेम आठ ओळींचा सर्व्हर ३००० क्रमांकाच्या पोर्टवर उत्तर देऊ लागला, तेव्हा मी हरखून गेलो.

मार्च महिन्यात, सौदे ऐन रंगात असताना, मालकांनी मागच्या सात हंगामांचा खातेउतारा मागितला आणि त्याच क्षणी दिवाणजींच्या पडद्यावरची पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशोब, अर्ध्यावर अडकली. काट्यापाशी वजने भरणारा मुलगा मोबाइल हातात धरून नुसता उभा राहिला. त्याच्यामागे पोत्यांची रांग लागली. दिवाणजी शांतपणे म्हणाले, "साहेब, मालकांनी एक कागद मागितला, तर आमचं सगळ्यांचं का थांबतं?"

प्रश्न अचूक होता. पीएचपीत प्रत्येक मागणीला सहसा स्वतंत्र प्रोसेस मिळते, म्हणून एकाचा उशीर दुसऱ्याला जाणवत नाही. नोडमध्ये मात्र आपली सगळी जावास्क्रिप्ट एकाच थ्रेडवर, म्हणजे एकाच काट्यावर, चालते. मी 'रीडफाइलसिंक', म्हणजे फाइल पूर्ण वाचून होईपर्यंत सगळे थांबवणारी आज्ञा, लिहून त्या काट्यालाच अडवून ठेवले होते.

ते बदलून वाट न अडवणारे 'रीडफाइल' केले, तरी खोळंबा थोडासाच कमी झाला, आणि खरे शिक्षण इथून सुरू झाले. फाइल डिस्कवरून येईपर्यंतची वाट नोड पाठीमागे पाहत असतो. पण आलेल्या अख्ख्या फाइलचे 'जेसन पार्स', म्हणजे तिच्या मजकुरातून नोंदी उलगडणे, आणि प्रत्येक पोत्याच्या वजनाची बेरीज त्याच थ्रेडवर होते, आणि ती संपेपर्यंत दुसऱ्या कोणाचीही पाळी येत नाही. त्या रात्री मी दर ओळीला एक नोंद अशी फाइलची नवी मांडणी केली आणि ती स्ट्रीमने, ६४ केबीच्या तुकड्यांनी, वाचायला लावली, जेणेकरून दोन तुकड्यांच्या मध्ये काट्यावरच्या मुलाची नोंदही घेतली जावी.

दुसऱ्या दिवशी भर सौद्यात मी मालकांना तोच उतारा मुद्दाम मागायला सांगितले आणि स्वतः दिवाणजींच्या मागे जाऊन उभा राहिलो. उतारा पूर्वीपेक्षा थोडा उशिरा आला. तेवढ्या वेळात दिवाणजींच्या तीन पट्ट्या छापून झाल्या होत्या.