मुरली की उतरली?

सातारच्या आमच्या घरात माजघराच्या भिंतीत एक फडताळ आहे. मातीची हातभर जाड भिंत, त्यामुळे बाहेर मे महिना कितीही पेटलेला असला तरी आत हात घातला की गार लागतं. आईच्या लोणच्याच्या बरण्या तिथेच असतात, दादरा बांधलेल्या, आणि त्यांना माझ्यासकट कुणीही ओला हात लावायचा नाही. या बरण्यांच्या मागे २०१४ साली मी वाइनच्या तीन बाटल्या आडव्या करून ठेवल्या. आईला सांगितलं, मुरायला ठेवल्यात. ती म्हणाली, "मीठ आहे का त्यात?"

बाटल्या नाशिकच्या. आम्ही मित्र फेब्रुवारीत दिंडोरीकडे गेलो होतो, द्राक्षतोडणी चालू होती, आणि एका वायनरीत टेस्टिंगला बसलो. तोपर्यंत वाइन म्हणजे लग्नाच्या वाढदिवसाला हॉटेलात प्यायची महागडी आंबट गोष्ट एवढीच माझी समज. तिथल्या मुलाने २०१३ च्या द्राक्षांची शिराझ नावाची लाल वाइन ओतली, लाकडी पिंपात वर्षभर राहिलेली, आणि सहज म्हणाला की सर ही चार-सहा वर्षं ठेवून बघा, बदलते. बस्स. लोणच्याच्या घरात वाढलेल्या माणसाला एवढं पुरतं. मी तिथल्या तिथे पाच बाटल्या घेतल्या. एक पुण्याला आल्यावर लगेच उघडली, तीन सातारला गेल्या, आणि एक कुठे गेली ते आम्ही विसरलो, तिची गोष्ट पुढे येते.

पहिल्या बाटलीचं वहीत लिहून ठेवलंय: "जांभूळ. मिरी. जीभ सालपटली." मिरीचं मला तेव्हा वाटलं की माझीच हुशारी, पण नंतर वाचलं की खऱ्या काळ्या मिरीत ज्या घटकामुळे तो वास येतो तोच शिराझमध्येही असतो, म्हणजे नाक बरोबर होतं. जीभ सालपटते ती टॅनिनमुळे. द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि थोडं पिंपाच्या लाकडातून ते येतं. कच्ची सुपारी चघळली किंवा चहा फार उकळला की तोंड जसं आवळतं ना, तसंच. रंग पण जांभळाचाच, ग्लास धुतल्यावर बोटांना राहील असा.

आता हे मुरणं म्हणजे नेमकं काय तर साधारण असं, की टॅनिन आणि रंगाचे कण हळूहळू एकमेकांना चिकटत जातात, चिकटून चिकटून जड झाले की तळाशी बसतात, आणि वर राहिलेली वाइन मऊ आणि फिकी होत जाते. बुचातून हवा अगदी नखभर आत जाते, तीही काम करते. ताज्या फळाचा वास मागे पडतो आणि सुक्यामेव्याचा, पानांचा, चामड्याचा पुढे येतो. गंमत म्हणजे लाल वाइन वयाने फिकी होते आणि पांढरी गडद. टिकायला आधार लागतो तो आंबटपणाचा, टॅनिनचा, नाहीतर साखरेचा, आणि साखरेचं कोणत्याही मुरांबा करणारीला वेगळं सांगायला नको.

पण लोणचं आणि वाइन इथपर्यंतच सोबत चालतात. लोणचं मुरलं की मुरलं, मग वर्षभर ते तसंच. वाइन कुठे थांबतच नाही. चढते, काही काळ वर राहते आणि मग उतरायला लागते. बहुतेक वाइनला तर चढायचंच नसतं, त्या दोन-तीन वर्षांत पिऊन टाकायच्याच असतात, आणि आपल्याकडच्या बऱ्याचशा पांढऱ्या त्यातल्याच. माझ्या एका मित्राने सोव्हिन्यों ब्लाँ नावाची पांढरी वाइन पाच वर्षं मुलाच्या मुंजीसाठी जपून ठेवली होती. मुंज छान झाली.

शिवाय आपल्याकडे जुनी म्हणजे तरी किती जुनी? नारायणगावला ऐंशीच्या दशकात फसफसणारी वाइन व्हायला लागली होती, पण नाशिकच्या सुलाची पहिली वाइन आली २०००च्या आसपास. आजोबांनी ठेवलेली नाशिकची बाटली नातवाने उघडली, ही गोष्ट सांगायला आपल्याकडे अजून कुणी नाही. वेलाचंही निराळंच. युरोपात हिवाळ्यात वेल झोपतो, आपल्याकडे झोपतच नाही, म्हणून एप्रिलात खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी अशी दोनदा कात्री लावून त्याला वळण लावायचं. गोडी छाटणी हा शब्द ज्याने काढला त्याला माझा नमस्कार.

आणि कोणती वाइन मुरेल हे जाणकारांना तरी कुठे कळतं. १९७६ साली पॅरिसला नाव झाकून टेस्टिंग झालं, फ्रेंच परीक्षक, आणि त्यात कॅलिफोर्नियाच्या वाइन पहिल्या आल्या. फ्रेंचांचं म्हणणं पडलं की आमच्या लाल वाइन मुरायला केलेल्या असतात, आत्ता काय बघता. मग तीस वर्षांनी, २००६ला, त्याच लाल वाइन पुन्हा उघडल्या, आणि पहिले पाचही नंबर कॅलिफोर्नियाचेच! पहिली आलेली १९७१ सालची होती.

आमची दुसरी बाटली २०१७ला उघडली, चार मित्र बोलावून, मोठा थाट करून. काहीच नाही. जांभूळ गेलेलं आणि त्याच्या जागी दुसरं काही आलेलंच नाही. म्हणे असं होतं, मधल्या वयात वाइन मिटून बसते. मित्रांनी अर्ध्या तासात बिअर मागवली.

विसरलेली बाटली पुढच्या वर्षी दिवाळीच्या आवराआवरीत सापडली, पुण्याच्या फ्लॅटच्या माळ्यावर, कुलरच्या खोक्यामागे. वर थेट गच्चीचा स्लॅब. पाच उन्हाळे तिने तिथे उभ्याने काढलेले आणि बूच दोन सूत वर आलेलं. उघडली तर तळाला लागलेल्या मुरांब्याचा वास. तिकडे मदेरा बेटावर मुद्दाम उष्णता देऊनच वाइन करतात आणि ती शतकभरही टिकते म्हणतात. मी बायकोला हे सांगून पाहिलं. तिने बेसिनचा नळ सोडला.

तिसरी उघडली २०२१च्या दिवाळीत, सातारलाच. बूच अर्ध्यात तुटलं. उरलेलं मी चमच्याच्या दांड्याने आत ढकललं आणि सरळ चहाच्या गाळणीतून वाइन स्टीलच्या तांब्यात ओतली, जाणकारांनी डोळे मिटून घ्यावेत. गाळणीत काळपट चोथा राहिला, ओल्या चहापत्तीसारखा, चिमटीत धरला तर रवाळ. म्हणजे २०१४ साली जे माझ्या जिभेला ओरबाडत होतं ते हे, आता बाहेर येऊन बसलेलं. मग ग्लास लाइटबिलाच्या कोऱ्या बाजूवर तिरका धरला. मधे डाळिंबी, आणि कडेला विटेचा रंग, पार काठावर तर जवळजवळ पाणीच. वास आधी काही येईना, मला २०१७ची आठवण होऊन पोटात गोळा आला. दहा मिनिटांनी आला. सुकं अंजीर, मग आजोबांच्या चंचीतला तंबाखू, मग पावसात भिजून कोनाड्यात वाळलेल्या कोल्हापुरी चपला. मिरी कुठेतरी लांब, शेजारच्या घरात कुटत असावेत इतकी. घोट घेतला तर कुठेच काही टोचलं नाही, नुसतं सरकत गेलं. मी गप्प बसलो.

पण खरं सांगायचं तर २०१४ची चव मला आता आठवत नाही, वहीतले चार शब्द आठवतात. तेव्हा मी छत्तीसचा, तिखट चापून खाणारा, आता ॲसिडिटीची गोळी घेऊन जेवायला बसतो. बाटली बदलली ती किती आणि जीभ बदलली ती किती, हे वेगळं कसं काढायचं? ताजी आणि मुरलेली एकाच वर्षाची वाइन शेजारी शेजारी ठेवता येत नाही, हीच तर सगळी अडचण.

आईने चमचाभर घेतली, औषध म्हणून. चमचा तोंडात तसाच ठेवून थोडा वेळ विचार केला. बरणी उघडल्यावर लोणच्याची फोड चाखताना करते तोच चेहरा.

"उतरलीय रे ही," ती म्हणाली.

"आई, ही मुरलीय!"

"मुरल्यावर आंबटाला जोर येतो. हिला कुठाय जोर?"

मग पाच मिनिटांनी तिनेच चमचा पुढे केला, अजून थोडी घाल म्हणाली, बघू दे नीट. चौथी बाटली अजून फडताळात आहे, या वर्षीच्या कैरीच्या बरणीमागे. कधी उघडायची ते आता ती ठरवणार आहे.