आप्पांच्या झोळीसाठी
चैत्रात आप्पा पायी वणीच्या गडावर जातात. गेल्या वर्षी वाटेत त्यांचा फोन बंद पडला अन् माय रात्रभर ओट्यावर बसून होती. या वेळी मी टी-बीम नावाची, ठिकाण कळवणारी दोन छोटी यंत्रं घेतली. जीपीएस, लोरा म्हणजे कमी विजेवर छोटे संदेश पाठवणारा रेडिओ आणि हवा तसा प्रोग्राम टाकता येईल अशी ईएसपी-32 चिप, सगळं एकाच बोर्डावर. दोन्ही यंत्रं 865 ते 867 मेगाहर्ट्झवर एकमेकांशी थेट बोलतात, सिम लागत नाही. पल्ला मर्यादित, म्हणून दुसरं दिंडीच्या टेम्पोत राहील.

आज घरात उपग्रह सापडेनात. केळीच्या बांधावर उघड्यावर आलो अन् नकाशावर ठिपका सरकला! जीव भांड्यात पडला. बॅटरी टिकावी म्हणून दर दोन मिनिटांनीच ठिकाण पाठवायला लावलंय.

आप्पांनी हातात घेऊन विचारलं, "हाई काय शे?" माय झोळीला आतून खिसा शिवतेय.