आमची वाटचाल : साखर पेठेतली माडी ते आजपर्यंत

२०१७ साली सोलापूरच्या साखर पेठेत एका माडीवर आम्ही युजर रिसर्चचं, म्हणजे ॲप वापरणाऱ्यांशी बोलून त्यांच्या अडचणी समजून घेण्याचं काम सुरू केलं. पहिलं काम दिलं ते अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्या शेठनी. त्यांच्या ऑर्डरच्या ॲपला व्यापारी हात लावत नव्हते. दोन दिवस दुकानात बसलो तेव्हा कळलं, व्यापारी बोलतो डझनात आणि ॲप विचारतं नग. शेठ आजही नवीन काही काढलं की आधी आम्हाला फोन करतात.

दुसरा आधार अक्कांचा. वीस वर्षं विड्या वळलेल्या, तेलुगू-मराठी दोन्ही पाण्यासारखं. मुलाखतीआधी सही घ्यायचा आमचा संमतीचा फॉर्म मी हौसेनं तेलुगूत छापून आणला, तर अक्का हसल्या. "बोलतो तेलुगू, पण शिकलो मराठी शाळेत. ही अक्षरं वाचणार कोण?" तेव्हापासून फॉर्म त्या तोंडी सांगतात आणि मुलाखत देणाऱ्या बाईकडून तिच्या शब्दांत परत वदवून घेतात. रेकॉर्डरही बाईच्याच हातात. नको वाटलं की लाल बटण दाबायचं. एका बाईनं सासूचा विषय निघताच दाबलं, चहा पिऊन झाल्यावर पुन्हा सुरू केलं.

मानधनाचंही सांगून ठेवतो. बाईला तासभर बसवलं की तिच्या शंभरेक विड्या बुडतात. पैसे आधी द्या, मुलाखत अर्धी टाकून उठली तरी परत मागू नका. आणि "हे ॲप वापराल का?" असं कधी विचारू नका. समोरचा माणूस भिडेखातर हो म्हणतो.

२०१९ मध्ये बुडता बुडता वाचलो. पुण्याच्या एका कंपनीसाठी बचतीच्या ॲपवर बारा विडी कामगार बायकांशी बोललो. काम संपल्यावर कंपनीला त्या मुलाखतींचे व्हिडिओ जाहिरातीला हवे झाले. "सही आहे ना फॉर्मवर?" सही अभ्यासापुरती होती. नाही म्हटलं आणि तीन लाख चाळीस हजारांचं बिल अडकलं. गाडी विकली, माडीचं भाडं चार महिने थकलं. पुढचं काम आमच्याच ओळखीच्या एकाला गेलं. त्यानं हॉल घेतला, पुलावाची पाकिटं वाटली, एका दिवसात दोनशे फॉर्मवर टिका मारून घेतल्या. त्याचा सत्कारही झाला. शाल सोलापुरीच होती, एवढंच समाधान.

मधली वर्षं ठीक गेली.

२०२३ साली डेटा संरक्षणाचा कायदा झाला. संमती नेमक्या कारणापुरतीच, ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं आणि माहिती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांतही मिळायला हवी. म्हणजे तेलुगूतही. अक्कांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "पण वाचून कोण दाखवणार, ते लिहिलंय का?"

मग पुण्याच्या त्याच कंपनीचा फोन आला. तुमचा तो जुना फॉर्म पाठवाल का? पाठवला. सोबत २०१९ चं बिल जोडलं. फॉर्म मिळाल्याचं उत्तर आलंय, बिलाबद्दल त्यात काही नाही.