नोलनसाहेब, हे काही जमलं नाही

ख्रिस्तोफर नोलनचा पहिला सिनेमा 'फॉलोइंग' परवा एकदाचा बघितला. आवडला नाही. सांगलीच्या ज्या मंडळींनी माझ्याबरोबर 'इन्सेप्शन'च्या शेवटावर रात्री जागवल्या, त्यांनी शिव्या आत्ताच घालून घ्याव्यात.

सिनेमा १९९८ चा. कृष्णधवल, १६ मिलिमीटरवरचा, जेमतेम ७० मिनिटांचा. खर्च ६ हजार डॉलरच्या आसपास, त्यातला बराचसा फिल्म विकत घेण्यातच गेला. सगळे नोकरदार, म्हणून शूटिंग शनिवारी, तेही जवळजवळ वर्षभर. फिल्म वाया जाऊ नये म्हणून आधी नाटकासारख्या कसून तालमी, मग एक-दोन टेकमध्ये काम खलास. कॅमेरा नोलनच्याच हातात, उजेड असेल तेवढा, आणि एक लोकेशन म्हणजे चक्क आई-वडिलांचं घर. हे वाचून मी जाम खूश झालो होतो. राज्य नाट्य स्पर्धेसाठी ऑफिस सुटल्यावर तालमी करणाऱ्यांना आणि कुणाच्या तरी घरचा सोफा सेटसाठी टेम्पोत घालणाऱ्यांना हा माणूस आपलाच वाटणार. शिवाय तो लंडनच्या ज्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकला आणि जिथल्या फिल्म सोसायटीत धडपडला, ते माझ्या इथल्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

गोष्ट अशी, की लेखक व्हायला निघालेला एक बेकार तरुण लंडनच्या रस्त्यांवर अनोळखी माणसांच्या मागे मागे फिरतो. फक्त बघायला, कोण कुठे जातं ते. ही कल्पना इथे राहायला आल्यावरच खरी वाटते. ट्यूबमध्ये, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेत, समोरासमोर बसलेली माणसं एकमेकांकडे बघत नाहीत. तुम्ही कुणाच्या मागे तीन स्टेशनं गेलात तरी त्याला पत्ता लागत नाही. आपल्या सांगलीच्या हरभट रोडवर हे करून दाखवा. पन्नास पावलांत तो माणूस वळून विचारेल, "काय रे, तू अमक्यांचा ना? बाबा बरे आहेत का?" आणि संपला तुमचा सिनेमा.

पुढे त्याला कॉब नावाचा चोर भेटतो (हो, 'इन्सेप्शन'मधलं तेच नाव). हा पैशांपेक्षा लोकांच्या खासगी वस्तू उचकटायला घरात शिरतो. कुणीतरी डब्यात जपून ठेवलेलं किडूकमिडूक तो मुद्दाम विस्कटून जातो, म्हणजे मालकाला कळावं की आपण काय जपत होतो. हा प्रसंग अव्वल आहे. मी खुर्चीत सरसावून बसलो.

आणि तिथून सिनेमा पत्ते पिसायला लागला. काळ मागे-पुढे. नायकाचे केस आणि मार खाल्लेला चेहरा बघून आपण ठरवायचं की हे आधीचं की नंतरचं. हुशार आहे, बिनखर्चाची युक्ती आहे, कबूल. पण कशासाठी? दोनच वर्षांनी आलेल्या नोलनच्याच 'मेमेन्टो'मध्ये काळ उलटा चालतो, कारण नायकाला नवीन काही लक्षातच राहत नाही. त्याची गोची तीच आपली गोची. इथे घोळ आहे तो दिग्दर्शकाला घालायचाय म्हणून. शेवटचा डाव उघडला तेव्हा मी "अच्छा" म्हणालो, बस. त्यातली बाई तर त्या डावातली निव्वळ सोंगटी. तिचं काय झालं याचं मला काही वाटलंच नाही, आणि माझी तक्रार तीच आहे. अंधुक फ्रेम, अडखळणारा आवाज, हौशी नट, हे सगळं मी आनंदाने सोसलं असतं.

मिरजेच्या मावसभावाला फोनवर हे ऐकवलं, तर तो नोलनचा वकील. "दादा, ६ हजार डॉलर म्हणजे तेव्हाचे अडीच लाख. अडीच लाखांत अजून काय करायचं त्यानं?"

म्हटलं, "लेका, भावे नाट्यमंदिरात दोन खुर्च्या आणि एका चादरीवर पोरांनी अख्खं थिएटर रडवलेलं आपण दोघांनी बघितलंय. अडीच लाख कसले घेऊन बसलास?"

"बरं. मग त्याच्या 'टेनेट'ला तर पैसा रग्गड होता. तिथं कोण रडलं?"

मी विषय बदलून आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे ते विचारलं.